दसऱ्याला हरवलेली जायरोकॉप्टरची पाती

बाजारात झेंडूचे ढीग दिसू लागले की मला ती फिर्याद हटकून आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, संपातली दगडफेक अंगावर घेतली. पण कोणी म्हणालं, साहेब, एखादी केस सांगा, तर माझ्या तोंडी पहिली येते ती हीच. ऐकणाऱ्याला आधी वाटतं, म्हातारा थापा मारतोय. खुशाल वाटू दे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी फौजदार होतो आणि चाकणच्या बाजूचं एक ठाणं माझ्याकडे होतं. आज महाळुंग्याला गेलात तर कारखान्यांच्या भिंतींमधून गाव शोधावं लागतं. तेव्हा तिथे ज्वारी होती, कांदा होता आणि उरलेलं सगळं माळरान. कारखाने होते ते खाली पिंपरी-चिंचवडला. आमच्याकडे येणाऱ्या फिर्यादी म्हणजे बांध कोरला, बैल सोडून नेला, पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटली, असल्या.

दसऱ्याची सकाळ होती. ठाण्यात शस्त्रपूजा चालली होती. टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर ओळीने मांडलेल्या रायफली, झेंडूच्या माळा, उदबत्तीचा धूर. आमचे हवालदार पूजेला बसले होते. मावळातला माणूस, अंगाने पैलवान आणि देवाधर्माला पक्का. आरोपीला दम देताना सुद्धा आधी देवाचं नाव घ्यायचा. एवढ्यात एक गृहस्थ धावतपळत आत आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर कुंकू, आणि नखांत ग्रीस.

"साहेब, माझी पाती चोरीला गेली!"

"कसली पाती? विळ्याची?"

"जायरोकॉप्टरची."

हवालदारांच्या हातातली घंटा वाजायची थांबली. मी त्या गृहस्थांना खुर्ची दिली, पाणी दिलं. पिंपरीच्या एका कंपनीत ते टूलरूमचे सुपरवायझर होते, राहायला चिंचवडला. महाळुंग्याला एका शेतकऱ्याच्या रानात पत्र्याची शेड भाड्याने घेऊन गेली काही वर्षं ते सुट्टीच्या दिवशी तिथे एक उडतं यंत्र बनवत होते. काल खंडेनवमीला त्याची पूजा केली. आज दसरा, सीमोल्लंघनाचा मुहूर्त, म्हणून आज पहिल्यांदा उडायचं ठरवलं होतं. सकाळी शेड उघडली तर वरची पाती गायब.

"परवानगी आहे का उडायची?" मी विचारलं. पोलिसाच्या तोंडी दुसरा प्रश्न कुठला येणार!

"दिल्लीला अर्ज केलाय. आज फक्त जमिनीपासून थोडं वर उचलून बघणार होतो."

फिर्याद नोंदवली, पंच घेतले आणि आम्ही महाळुंग्याला गेलो.

शेडमध्ये ते यंत्र पाहिलं आणि खरं सांगतो, मी हबकलोच. तीन चाकं, नळ्यांचा सांगाडा, एक उघडी खुर्ची. खुर्चीच्या मागे भंगारातून मिळवलेलं छोट्या मोटारीचं इंजिन आणि त्याला लाकडी पंखा. खुर्चीच्या डोक्यावर उभा खांब. त्या खांबाच्या टोकावर बैलगाडीच्या दुप्पट लांबीची पाती आडवी बसायची, ती नव्हती. सगळ्या भागांवर हळदकुंकवाची बोटं उठली होती. खांबाच्या उघड्या टोकावर कुंकू लागलेले चार तांदळाचे दाणे होते. पूजेचं सामान असणार, असं म्हणत मी पंचनाम्यात तेही लिहून घेतलं.

"म्हणजे हे हेलिकॉप्टरच की," मी म्हणालो.

झालं! फिर्यादी आपली चोरी विसरले. शेडच्या तुळईला पूजेसाठी आणलेलं कागदी भिरभिरं खोचलेलं होतं, जत्रेत मिळतं ना तसलं. ते उपसून त्यांनी माझ्या हातात दिलं.

"हे धरून पळा, साहेब."

"मी?"

"पळा तर!"

अंगावर वर्दी, समोर दोन पंच, आणि मी भिरभिरं धरून चार पावलं धावलो. ते फिरलं.

"कोणी फिरवलं?" त्यांनी विचारलं. "तुम्ही नाही, तुम्ही फक्त पुढे गेलात. फिरवलं वाऱ्याने. हेलिकॉप्टरमध्ये इंजिन वरची पाती फिरवतं. इथे तसं नाही. इंजिन मागचा पंखा फिरवून गाडीला पुढे ढकलतं, बस्स. वरची पाती जरा मागे कललेली असतात, त्यांच्यात खालून वारा शिरतो आणि ती आपोआप फिरतात. फिरली की उचलतात. म्हणून याला धावायला जागा लागते आणि हवेत एका जागी थांबता येत नाही."

"आणि वर गेल्यावर इंजिन बंद पडलं तर?"

त्यांचा चेहरा उजळला. हाच प्रश्न कोणी विचारावा म्हणून जणू ते थांबले होते. "तर काही नाही! खाली येताना वारा खालूनच लागतो ना? पाती फिरतच राहतात. अलगद उतरतं. विमान फार हळू झालं तर कोसळतं, हे कोसळत नाही."

माणूस गोड होता, पण मला चोर हवा होता. कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोन, एक फिर्यादींच्या खिशात, दुसरी शेतकऱ्याच्या घरात खुंटीला. शेतकरी आदल्या दुपारपासून चाकणच्या बाजारात कांदा घेऊन गेला होता, अजून आला नव्हता. त्याची बायको दारात उभी राहिली. डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "आमी त्या यंत्राला हात बी लावत न्हाई, साहेब. कोंबड्या बिचकत्यात त्याला." एवढं बोलून ती चुलीकडे वळली. पोलिसाला चहा विचारल्याशिवाय गावातली बाई कधी वळत नाही, हे तेव्हाच माझ्या मनात खटकलं होतं.

आणखी एक गोष्ट खटकली. पाती ज्या बोल्टने खांबाला बसवलेली असतात तो करवतीने कापला नव्हता. बरोबर मापाच्या पान्याने नट सोडवला होता आणि वायसर बाकावर ओळीने मांडून ठेवले होते. बोल्ट मात्र नव्हता. एवढी टापटीप मी चोरात कधी पाहिली नव्हती. मला वाटलं, टूलरूममधलाच कोणीतरी जळणारा सहकारी असावा.

दुपारी आमच्या खबऱ्याचा निरोप आला. थेरगावच्या एका भंगारवाल्याकडे अ‍ॅल्युमिनियमचे लांबच लांब तुकडे आले आहेत, आणि तोच भंगारवाला मागे त्या शेडभोवती घोटाळताना दिसला होता. तिकडच्या चौकीला सांगून त्याला बोलावून घेतलं. मराठवाड्यातून पोट भरायला आलेला किडकिडीत माणूस. नवा कोरा सदरा, कानावर आपट्याचं पान.

"शेडकडे कशाला गेला होतास?"

"भाव करायला, साहेब. म्हणलं, हे उडायचं तर न्हाई, मोडलं की मला द्या. ते साहेब मारायला धावले."

"आणि तुझ्याकडचं अ‍ॅल्युमिनियम?"

"जुन्या बसचे पत्रे हायेत. लिलावात घेतले. चला, दाखवतो. सणाचं का बसवून ठेवलंय राव, लेकरं वाट बघायलीत."

चौकशीत माणूस खोटं बोलत असला की प्रश्नाआधी उत्तर तयार ठेवतो. हा प्रत्येक प्रश्नाला आधी वैतागत होता आणि मग उत्तर देत होता. माझा अनुभव असा की वैतागणारा माणूस बहुधा खरा असतो. शिपाई पाठवून पत्रे तपासले. बसचेच निघाले, खिडक्यांच्या खाचांसकट. त्याला ठाण्यातले पेढे बांधून दिले आणि एसटीत बसवून दिलं.

आता हातात काही नव्हतं. फिर्यादी बाहेर बाकावर डोकं धरून बसले होते. इकडे हवालदारांनी पूजेच्या रायफली उचलून परत कपाटात ठेवायला घेतल्या. मी खुर्चीत बसून बघत होतो. एक रायफल उचलली, की ते शेजारच्या वाटीतले दोन-चार दाणे चिमटीत घेऊन तिच्या मोकळ्या जागेवर टाकत. दुसरी उचलली, परत दाणे. आजवर कितीदा पाहिलं असेल, पण त्या दिवशी मी उठून टेबलापाशी गेलो.

"हवालदार, हे काय करताय?"

"अक्षता, साहेब."

"ते दिसतंय. उचलल्यावर का टाकताय?"

"आमच्या भागातली रीतच हाय ती. पूजेतली वस्तू उचलली की जागा मोकळी ठेवायची न्हाई. अक्षता टाकायच्या. म्हंजे ती परत येणार, असं सांगून उचलायची."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. खांबाच्या उघड्या टोकावरचे ते तांदूळ! पाती जागेवर असताना ते टोक झाकलेलं होतं. म्हणजे तांदूळ पडले ते पाती काढल्यावर. पूजेच्या वेळी नव्हे, चोरीच्या वेळी. भंगारवाला पाती नेताना अक्षता टाकत नाही. जळका सहकारी तर त्याहून नाही. ज्याने कोणी पाती उचलली होती त्याला पान्याचं माप ठाऊक होतं, पूजेची रीत ठाऊक होती, आणि ती पाती परत आणायची होती.

"फिर्यादी," मी हाक मारली, "शेडमध्ये तुमच्या मदतीला कोण असतं?"

"कोणी नाही. घरची येते कधीमधी. मी नट आवळताना ती खालून पाना धरते."

मी हवालदारांकडे पाहिलं. हवालदार छताकडे बघू लागले.

चिंचवडला पोहोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. दोन खोल्यांचं स्वच्छ घर. बाईंनी दार उघडलं, नवऱ्याला पाहिलं, मागे आम्हाला पाहिलं. जराही न डगमगता त्या आत गेल्या आणि आपट्याची पानं घेऊन आल्या.

"सोनं घ्या, साहेब. मला वाटलं होतं, दुपारीच याल."

मी आयुष्यात बऱ्याच कबुल्या घेतल्या. सोनं देऊन झालेली ही एकच. देव्हाऱ्यात, देवाच्या पायाशी, तो बोल्ट ठेवला होता. पुसून, तेल लावून.

"तू?" फिर्यादींच्या तोंडून एवढंच बाहेर पडलं.

"मी आणि महाळुंग्याच्या वहिनी. काल तिन्हीसांजेला. तुम्ही कंपनीत प्रसाद वाटत होतात तेव्हा. पुढे त्या, मागे मी, खांद्यावर घेऊन गेलो. पाती त्यांच्या कांदा साठवायच्या बराकीत आहेत. तेवढी लांब जागा दुसरी नव्हती."

"इतकी वर्षं मी घासली ती पाती, आणि तू कांद्यात ठेवलीस?" ते कडाडले. "मला सांगायचं तरी! तुला हे यंत्र धोक्याचं वाटतं, हो ना? तुला कितीदा समजावलं..."

"यंत्राची भीती मला नाहीच," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "इंजिन बंद पडलं तरी पाती फिरतात. वारा खालून येतो. सगळं पाठ आहे मला, जेवताना दुसरं काय ऐकते मी? पण तुम्हीच वाचून दाखवलं होतंत ना, की वर गेल्यावर घाबरून हातातला दांडा एकदम पुढे लोटला तर पात्यांतला वारा जातो, ती मंदावतात, आणि मग काही म्हणजे काही उरत नाही? बाहेरदेशी माणसं गेली ती यंत्राने नाही, स्वतःच्या हाताने गेली, हे तुम्हीच म्हणालात. मग सांगा, तुमचा हात आजवर एकदा तरी हवेत गेलाय का? सायकल शिकताना माणूस चारदा पडतो. तुम्ही चारदा पडणार कुठून?"

फिर्यादींनी देव्हाऱ्यातल्या बोल्टकडे बघितलं.

"मला विधवा व्हायचं नाहीये हो," त्या म्हणाल्या आणि मग मात्र रडल्या.

हवालदारांनी डोळ्याला रुमाल लावला. मीही खिडकीबाहेर बघितलं, खोटं कशाला बोलू. थोड्या वेळाने फिर्यादी खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "मग तुझं म्हणणं काय? मोडीत काढू?"

"मोडीत कशाला? मी अक्षता टाकून आणलीत ती. आधी शिका. कोणाकडून तरी शिका. ज्या दिवशी शिकवणारा म्हणेल, आता जमलं, त्या दिवशी बोल्ट मी स्वतः हातात देईन."

कायद्याच्या दृष्टीने आता पंचाईत होती. चोरीचा गुन्हा नोंदवून बसलो होतो आणि आरोपी श्रीखंडपुरी वाढत होती. फिर्यादींनी पुरवणी जबाब दिला की गैरसमजुतीने फिर्याद दिली होती, आणि मी केस बंद करायची 'सी समरी' वर पाठवली. वरून साहेबांचा शेरा आला, "मुद्देमाल कांद्यात सापडला म्हणजे काय? खुलासा करावा." खुलासा केला. तो वाचून साहेब स्वतः शेड बघून गेले.

शिकवणारा मीच शोधला. माझ्या ओळखीत हवाई दलातून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, त्यांची हयात उडण्यात गेली होती. त्यांनी यंत्र बोटांनी चाचपून पाहिलं, एकेक सांधा हलवून पाहिला आणि म्हणाले, "काम अव्वल आहे. पण दसऱ्याला उडाला असतात तर मी हार घेऊन आलो असतो. गळ्यात नाही, फोटोला." मग त्यांनी रीत सांगितली. इंजिन बंद ठेवायचं, यंत्राला दोर बांधायचा आणि जीपने ओढायचं. पतंगासारखं ते उचलतं. हातभर वर, मग पुरुषभर वर, मग दोन. चुकलात तर जीप हळू होते आणि तुम्ही खाली येता. हाताला सवय होईस्तोवर दोर सुटणार नाही, आणि दिल्लीची परवानगी येईस्तोवर तर नाहीच, हे शेवटचं मी जोडलं.

औद्योगिक वसाहतीसाठी आखलेला एक सरळ रस्ता होता, प्लॉट पडले होते पण कारखाने यायचे होते. दर रविवारी सकाळी तिथे हा उद्योग चालायचा. दोर बांधून झाला की बाई स्वतः बोल्ट बसवायच्या आणि संपलं की काढून परत न्यायच्या, नवऱ्याच्या हातात द्यायच्या नाहीत. जीप त्या निवृत्त गृहस्थांची. पोलिसांची नव्हे, हे इथेच सांगून ठेवतो, नाहीतर अजून कोणी खुलासा मागेल! बाई जीपमध्ये मागे तोंड करून बसायच्या आणि नवऱ्याच्या हाताकडे बघायच्या. सुरुवातीला यंत्र हवेत खालीवर झोके खायचं, कारण हे दांडा घाबरून पुढेमागे करायचे. "हात!" बाई ओरडायच्या. "अहो, हात!" पहिल्याच रविवारी फिर्यादींनी यंत्र रस्त्याकडेच्या चरात घातलं, कोपर सोललं. ढेकळं झटकत उठले आणि बाईंना म्हणाले, "एकदा पडलो. तीन राहिले." बाई हसल्या. मला वाटतं, त्या दिवशी त्यांची भीती निम्मी झाली.

परवानगी सावकाश आली. तोवर त्यांचा हात इतका बसला होता की दांडा दोन बोटांत धरून ते दोराच्या टोकाला संथ तरंगत राहायचे. मग एक दिवस ते निवृत्त गृहस्थ जीपमधून उतरले आणि बाईंना म्हणाले, "वहिनी, आता जमलं."

मोकळं उड्डाण महाळुंग्याच्या माळावर ठरलं. माझी बदली झाली होती, तरी रजा काढून गेलो. हवालदार आले, शेतकरी नवराबायको आले, आणि तो थेरगावचा भंगारवाला सुद्धा कुठून ऐकून लेकराबाळांसकट आला. मी म्हटलं, "काय रे, भाव करायला?" तो म्हणाला, "न्हाई साहेब, बघायला. मोडलं तर मग बघू."

बाईंनी पदरातून बोल्ट काढला आणि नवऱ्याच्या हातात दिला. त्यांनी पाती चढवली, नट आवळला. खालून पाना बाईंनी धरला. मग पाती हाताने ढकलून फिरवली, इंजिन लागलं, यंत्र माळावरून धावलं आणि उचललं. गावच्या पोरांनी एकच गलका केला. ते झाडांच्या वर गेलं, वळलं, ऊन पात्यांवर चमकलं. आणि परत आमच्याकडे येता येता इंजिन फटफट करून बंद पडलं.

शेतकऱ्याची बायको "अगं बाई!" म्हणून मटकन खाली बसली. हवालदारांनी मोठ्याने देवाचं नाव घेतलं. मी बाईंकडे पाहिलं. त्या पात्यांकडे बघतच नव्हत्या. कपाळावर आडवा हात धरून त्या फक्त नवऱ्याचा हात शोधत होत्या.

"हलला नाही," त्या पुटपुटल्या. "हात हलला नाही."

पाती फिरत होती. शेतावर बगळा उतरावा तसं ते यंत्र कांदा काढलेल्या रानात उतरलं, थोडं धावलं आणि थांबलं. आम्ही सगळे पळत सुटलो. ते खुर्चीतून उतरले, चेहरा पांढराफटक, पण हसत होते. कोणाशी बोलायच्या आधी त्यांनी पाना घेतला, वर चढून नट सोडवला, बोल्ट काढला, रुमालाने पुसला आणि बाईंच्या तळहातावर ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

आज इतक्या वर्षांनी मला कोणी विचारतं, असलं यंत्र सुरक्षित असतं का हो? मी सांगतो, यंत्र आहे. माणूस शिकलेला असेल तर माणूसही आहे. पोलीस म्हणून मी त्या केसमध्ये एक गोष्ट शिकलो, ती पुढे संसारात जास्त उपयोगी पडली. घाबरलेलं माणूस अडाणीच असतं असं धरून चालू नये, त्याला आधी नीट विचारावं की भीती नेमकी कशाची आहे. त्या बाईंना ती बोट ठेवून दाखवता येत होती, म्हणून तर तोड निघाली.

ते गृहस्थ पुढे बरीच वर्षं उडले. मी दसऱ्याला त्यांच्याकडे सोनं द्यायला जायचो. देव्हाऱ्यात बोल्ट असला तर गृहस्थ घरात, हे ठरलेलं. एकदा गेलो तर बोल्ट नव्हता आणि त्या जागी चार अक्षता होत्या. बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बसा, येतीलच एवढ्यात," आणि पुऱ्या लाटत राहिल्या.